ड्रोनची डिग्री करू का नुसतं लायसन काढू?

मिरजकर_पोरगा: बारावी सायन्स झालंय, ड्रोनमध्येच करिअर करायचंय. एका खाजगी विद्यापीठात तीन वर्षांची डिग्री आहे, फी ऐकून पप्पा गप्पच बसले. करू का?

ऊसवाला_वाळवा: भावा नुसतं उडवायचं असेल तर डिग्री कशाला, डीजीसीएचं (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोन उडवायचं लायसन काढ, वय १८ आणि दहावी पास एवढं बास, मान्यता असलेल्या सेंटरवर आठवडाभरात ट्रेनिंग उरकतंय. आमच्याकडं ऊस डोक्याच्या वर गेला की फवारणीचा पंप घेऊन आत शिरता येत नाही, तिथं ड्रोनला मागणी हाय. पण एका बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटंच, जनरेटर, जादा बॅटऱ्या सगळं टेम्पोत टाकून फिरायची तयारी ठेव.

सर्वेवाली_ताई: उडवणं सोपंय रे, पैसा डेटात आहे. सिव्हिल नाहीतर ॲग्री कर, जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र) शीक, सर्टिफिकेट सोबत काढ. स्वामित्व योजनेत गावठाणं ड्रोननं मोजली, पण त्याचे नकाशे करायला माणसं लागलीच की.

तासगावकर: द्राक्षाला वरून मारलं तर पानाच्या खालच्या बाजूला औषध नीट पोचत नाही, आमच्याकडं अजून ट्रॅक्टरचा फवारणी ब्लोअरच.

मिरजकर_पोरगा: ताई, जीआयएसला गणित लय लागतं का?