डोंगरातल्या रपेटीच्या तयारीसाठी मळ्यात अडथळ्यांची वाट करायची आहे : जमीन, अंतरे आणि क्रम याबाबत सल्ला हवा

मळेकरी

नमस्कार. वडणग्याच्या बाजूला आमचा मळा आहे. घरामागचा सात-आठ गुंठ्यांचा तुकडा उसाचा खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांवर घेतलेले पीक) निघाल्यापासून मोकळाच ठेवला आहे. घरी एक काठेवाडी घोडी आणि एक मध्यम चणीचा देशी घोडा आहे. सडकेवर दोघेही शहाण्यासारखे चालतात. परंतु जोतिबाच्या अंगाने पन्हाळ्याकडे किंवा पुढे मसाई पठारावर जायचे म्हटले, की पहिल्याच ओढ्याच्या काठावर घोडी पाय रोवून उभी राहते आणि कुंपणाला अडकलेला प्लॅस्टिकचा कागद फडफडला तरी घोडा बुजून आडवा होतो. रपेटीला मुलगी आणि पुतण्या जातात. त्यांची बैठक बरी आहे, पण घोडा अडला की दोघेही लगाम ओढून धरतात, आणि मग प्रकरण वाढत जाते.

म्हणून या तुकड्यातच लाकडी पूल, पाण्याचा खड्डा, आडवे वासे, ताडपत्री, फाटक आणि एखादा उंचवटा अशी वाट करावी, असा विचार आहे. जमीन काळी आहे आणि पंचगंगेचे पाणी २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी तुकड्याच्या खालच्या कडेपर्यंत आले होते, तेव्हा तिकडे पक्के काही बांधायचे नाही. ठिबकचे जुने पीव्हीसी पाइप, ट्रॅक्टरचे टायर आणि ताडपत्र्या घरात पडून आहेत. त्यांतले काय वापरावे, वाशांमधले अंतर किती ठेवावे आणि सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी सांगावे.

जांभाखडक

जमिनीचा उल्लेख तुम्ही केलात हे बरे झाले, कारण बहुतेक लोक अडथळ्यांवर पैसे घालतात आणि घोडा मात्र भेगाळलेल्या काळ्या मातीत लंगडा होतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगा टाकते. ओली असताना तिचा चिकटा खुराला धरून ठेवतो, त्यामुळे पुढच्या पायांच्या शिरा ताणल्या जातात आणि नाल निखळतात. सगळा तुकडा सुधारण्याची गरज नाही. जेथे वासे आणि पूल ठेवणार, तेवढाच बारा-पंधरा फुटी पट्टा घ्या. वरची सहा इंच माती काढा, तांबडा मुरूम पसरून पाणी मारून रोलर फिरवा आणि शंभर फुटांना दीड-दोन फूट असा हलका उतार कडेच्या पाण्याच्या चारीच्या दिशेने द्या. वर धुतलेल्या वाळूचा दोन इंचांचा थर पुरे. त्याहून खोल वाळूत घोड्याला प्रत्येक पाऊल उपसून काढावे लागते आणि त्याचा भार पुन्हा शिरांवरच येतो. क्रशरची खडी कितीही स्वस्त मिळाली तरी घालू नका, तळव्याला बोचून आतून रक्त साकळते. काढलेली माती फेकू नका, तिचाच उंचवटा होईल.

वाशांसाठी नीलगिरी किंवा सुरूचे दहा फुटी वासे घ्या, आणि प्रत्येकाची एक बाजू रंध्याने सपाट करून घ्या म्हणजे टाप लागली तरी वासा गडगडणार नाही. पीव्हीसी पाइप या कामाला सर्वथा वर्ज्य समजा. तो पायाखाली फिरतो, आणि फुटला की त्याच्या कडा सुरीसारख्या होतात. साध्या चालीसाठी दोन वाशांत अडीच ते तीन फूट आणि दुडकीसाठी चार ते साडेचार फूट अंतर ठेवतात, पण हे आकडे केवळ सुरुवातीचे आहेत. तुमचा देशी घोडा चणीने लहान असेल, तर त्याला याहून कमी लागेल. घोडा वाशांवरून गेल्यावर वाळूतले ठसे पाहा. टाप दोन वाशांच्या बरोबर मध्ये पडलेली असेल, तर अंतर जमले; ठसा पुढच्या वाशाला चिकटला असेल तर वासे दूर करा, मागच्याला चिकटला असेल तर जवळ आणा. मग त्या जागी फक्कीने खूण करून ठेवा. दोन घोड्यांच्या खुणा वेगवेगळ्या येतील, त्यात काही वावगे नाही.

हे सगळे एकामागोमाग, गोल वाटेने मांडा, म्हणजे स्वाराला एक फेरी सलग पूर्ण करता येते.

रिकीब

जमिनीबद्दल वर लिहिलेले सर्व मान्य, पण गोल वाटेला माझा स्पष्ट विरोध आहे. ठरलेल्या क्रमाने ठरलेले अडथळे आले की घोडा आठवडाभरात ते पाठ करतो आणि स्वार नुसता बसून राहतो. मसाई पठारावर पुढे काय येणार आहे हे कोणालाच माहीत नसते. म्हणून मुरमाचा पट्टा एकच असू द्या, पण अडथळे उचलून हलवता येतील असे करा. दर चार दिवसांनी त्यांची जागा, दिशा आणि जोडी बदला. तुमच्या पुराच्या अडचणीलाही तेच सोयीचे पडेल.

आता घोडी ओढ्यावर का अडते, ते पाहू. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला सभोवतालचे जवळजवळ सगळे दिसते, पण कपाळासमोरचा आणि नाकाखालचा थोडा भाग दिसत नाही. पायाशी काय आहे हे पाहण्यासाठी त्याला मान खाली घालावी लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी घाबरलेला स्वार लगाम आवळून मान वर उचलतो. उजेडातून सावलीत गेल्यावर त्याची नजर बसायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे झाडीखालचा ओढा त्याला खोल काळा खड्डा वाटला तर नवल नाही. तेव्हा मुलांना पहिला धडा थांबण्याचा द्या. घोडा अडथळ्यासमोर उभा राहिला, तर लगाम सैल सोडायचा, त्याला हुंगू द्यायचे, खुराने चाचपू द्यायचे. मागे वळू मात्र द्यायचे नाही. तोंड अडथळ्याकडे आहे तोवर त्याला घाई नाही आणि आपल्यालाही नाही. एक पाऊल पुढे टाकले, की टाच तत्काळ ढिली करायची. घोड्याला शाबासकी कळते ती दाब सुटण्यातून; उशिरा सोडलेला दाब त्याच्या लेखी वायाच जातो.

सुरुवात जमिनीवरून, म्होरकीला बारा फुटी दोर लावून करा. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही, आणि खड्डा किंवा पूल ओलांडताना घोड्याच्या समोर उभे राहायचे नाही. बुजरा घोडा अडथळा चालून जाण्याऐवजी उडी मारतो आणि ती उडी नेमकी समोरच्या माणसावर येते. खांद्याच्या रेषेत, हातभर बाजूला राहा.

ताडपत्री आधी हातभर रुंदीच्या पट्टीत घडी करून ठेवा आणि तिच्या दोन्ही कडांवर वाळूच्या पिशव्या ठेवा. घोडा ओलांडून जायला लागला, की एकेक घडी उलगडा. पूल आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि जमिनीपासून सहा इंचच उंच असू द्या. खाली जाड तीन तुळया, वर दोन इंची फळ्या आडव्या, आणि खिळ्यांऐवजी डोके आत बुडालेले स्क्रू वापरा. घोडा आणि स्वार मिळून चारशे किलोच्या पुढे वजन जाते आणि ते एका वेळी दोन-तीन खुरांवरच असते, त्यामुळे जुन्या पाट्यांचा पूल नको. नाल मारलेला खूर ओल्या फळीवर घसरतो, म्हणून वर रबरी पट्टा ठोका. साखर कारखान्यांतून आणि शिरोलीकडच्या फाउंड्रीतून निघालेले कन्व्हेयरचे जुने पट्टे भंगारात मिळतात, त्यांच्याइतके टिकाऊ दुसरे काही नाही. कठडा लावू नका. घोडा मध्येच बाजूला सरकला तर त्याला उतरायला मोकळी जागा हवी. पहिले काही दिवस पूल मातीत बुडवून फळ्या जमिनीशी समतल ठेवा. नंतर वर उचलला, की खालून पोकळ आवाज येतो, आणि खरी परीक्षा त्या आवाजाचीच असते.

जुना तबेला

एवढा सोपस्कार कशासाठी? घोड्याला एकदा धाक बसला पाहिजे. आमच्या लहानपणी काटेरी लगाम घालून मागून दोन चाबूक दिले, की घोडा ओढाच काय, नदीसुद्धा ओलांडत असे. मळ्यात पूल बांधून घोडे शिकवण्याची पद्धत आपल्याकडे कधी नव्हती.

खरारा

आपल्या वयाचा आदर ठेवूनच सांगतो, की काटेरी लगामाला ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी बंदी घातलेली आहे, आणि ते नियम १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखालीच केलेले आहेत. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, मार खाऊन पाण्यात गेलेला घोडा पाण्याला भीतच राहतो. त्याला मागची भीती तेवढी मोठी वाटलेली असते. अशा घोड्यावर मालक बसला तर तो चालेल, पण मुलगी किंवा पुतण्या बसल्यावर चाबूक नाही हे त्याला लगेच कळते. मळेकरींना त्यांच्यासाठीच तर ही वाट करायची आहे.

दुसरे, दोन्ही घोड्यांना आणि मातीत काम करणाऱ्या सर्वांना धनुर्वाताची लस दिलेली असल्याची खात्री आधी करून घ्या. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो, आणि शेणखताची जमीन, खिळे आणि फळ्या एकत्र आल्यावर जखम व्हायला वेळ लागत नाही. तुकड्याला काटेरी तारेचे कुंपण असेल, तर ज्या बाजूला अडथळे आहेत तेथील तार काढून वासे किंवा जाड दोर लावा. टायर पोकळ ठेवू नका. खूर आत अडकतो आणि कडेची पोलादी तार उघडी पडली असेल तर खुराच्या वरची कातडी सोलून निघते. मातीने काठोकाठ भरून चोपले तरच त्यावरून घोडा न्या. मुलांना मोटारसायकलचे हेल्मेट चालणार नाही, घोडेस्वारीचेच घ्या. बूटही टाचेचा हवा, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाणार नाही.

मळेकरी

सर्वांचे मनापासून आभार. गोल वाटेचा बेत सोडला आहे. पट्टा सरळ, अडथळे हलते. आता फक्त दोन गोष्टी अडल्या आहेत. पाण्याचा खड्डा किती मोठा करावा, आणि तळाला प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर चालेल का? तसेच फाटक घोड्यावर बसूनच उघडता यावे अशी मुलीची इच्छा आहे, कारण आमच्याकडच्या पाणंदींना जागोजागी फाटके आहेत आणि प्रत्येक वेळी उतरावे लागते.

रिकीब

प्लॅस्टिक नको, ओले झाले की खूर त्यावरून निसटतो. खड्डा खोल नसावा, रुंद असावा. घोडा चार फुटांचे पाणी उडी मारून जाईल, बारा फुटांचे जाणार नाही, त्याला चालतच जावे लागेल. खोली सहा इंचांची ठेवा, दोन्ही काठ इतके सपाट करा की हातगाडी सहज जाईल आणि तळाला मुरूम चोपून घ्या. मोटारीचे पाणी आधी फक्त ओल येईल इतकेच सोडा, आणि पातळी दिवसेंदिवस वाढवत न्या. काम झाले, की पाणी उसाच्या सरीत सोडून द्या, नाहीतर डासांची पैदास होईल. देशी घोडा पाण्याला भीत नसेल तर त्याला पुढे घाला, घोडी त्याच्या मागे बहुधा उतरेल. पण ती एकटी जाऊ लागेपर्यंत ती शिकली असे धरू नका.

उंचवटा तीन फुटांचा पुरे. चढताना स्वाराने पुढे झुकून आयाळ धरावी, लगामाचा आधार घेऊ नये; उतरताना ताठ बसून घोडा सरळ खाली न्यावा. तिरका नेला की मागचे पाय बाजूला घसरतात आणि घोडा कुशीवर पडतो. जांभ्याच्या ओल्या पायवाटेवर हीच सवय उपयोगी पडेल.

जांभाखडक

फाटकाचे मी सांगतो. सुरुवातीला लोखंडी फाटक लावूच नका. पाच फुटांवर दोन खांब पुरून त्यांच्यामध्ये छातीच्या उंचीला एक जाड दोर बांधा, एका टोकाला आकडा. मुलीने घोडा दोराला समांतर उभा करावा, आकडा काढावा, दोर हातात धरून घोडा आडव्या पावलांनी फिरवावा आणि पलीकडून पुन्हा अडकवावा. यात काही बिनसले तर दोर सोडून देता येतो. लोखंडी फाटक मात्र वाऱ्याने घोड्याच्या कुशीवर आदळते. त्याआधी दोन वासे साडेतीन फुटांवर समांतर ठेवून घोडा त्यांमधून मागे सरकवायला शिकवा, पुढे त्याच वाशांचा काटकोन करा. आडवे आणि मागे सरकणे ज्याला येत नाही, त्याच्याकडून फाटक उघडून घेता येणार नाही.

ऊस वाहतूक सुरू झाली, की दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पट्ट्याशेजारी बंद करून उभा करा आणि घोडे त्याच्याभोवती फिरवा, नंतर इंजिन चालू ठेवून फिरवा. घरचाच ट्रॅक्टर असल्याने हे तुम्हाला फुकटात करता येईल. पन्हाळ्याच्या वाटेला लागण्याआधी चार-पाच किलोमीटर त्याच सडकेवरून जावे लागते, तेव्हा ओढ्याइतकीच ट्रॅक्टरची सवयही हवी. फाटकाच्या खांबाचा आकडा गोल टोकाचा घ्या आणि तो मुलीच्या गुडघ्याच्या वर येईल इतक्या उंचीवर बसवा, म्हणजे तिला खाली वाकावे लागणार नाही.