प्रतिसाद: बातमीच न येणं

मूळ लेखात म्हटलंय की सैनिकाच्या मरणापेक्षा त्याची खबर न येणं घरच्यांना जास्त जाळतं. अगदी पटलं. पहिल्या महायुद्धात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्याची पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात (आजचा इराक) कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. उपासमारीनंतर शरणागती आणि मग तुर्कांच्या कैदेत वाळवंटातली पायपीट. कितीतरी जण त्यातच गेले. इकडे सातारा, कोकणातल्या बायका शेती, सासू-सासरे, लेकरं सांभाळत होत्या. पत्र आलं तरी वाचायला दुसरा कुणी लागे! साताऱ्याच्या अपशिंगे गावात त्या युद्धातल्या ४६ मृतांचं स्मारक आहे. मागे राहिलेल्या त्या बायकांची नोंद मात्र कुणी ठेवली नाही, याचं फार वाईट वाटतं. कुणाच्या घरी त्यांच्या आठवणी सांगितल्या जात असतील तर इथे जरूर लिहा.