खुब्याचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) दुखावलाय. यातून उठलेल्यांनी अनुभव लिहा

सात महिने डाव्या कुशीवर झोपलेले नाही. खुब्याच्या बाहेरच्या हाडावर बोट ठेवलं की नेमकी तिथे कळ येते, जिना कठडा धरूनच चढते. आधी बर्सायटिस (हाडाजवळच्या पिशवीची सूज) म्हणाले, मग एमआरआयमध्ये ग्लुटिअस मीडिअस या खुब्याच्या बाजूच्या स्नायूचा टेंडन खराब झालेला निघाला. फिजिओ कालपासून सुरू. 'मलाही हेच' एवढंच लिहिलंत तरी चालेल.

*

मला पंधरा महिने लागले. त्यातले पहिले सहा मीच वाया घालवले. दुखतंय म्हणजे आखडलंय, असं धरून रोज पाय दुसऱ्या पायावरून ओढून ताणत होते. फिजिओने आधी तेच बंद केलं. पाय आतल्या बाजूला वळला की टेंडन त्या हाडावर दाबला जातो म्हणे. मग पायावर पाय टाकून बसणं गेलं, एका पायावर रेलून उभं राहणं गेलं (फोनवर बोलताना मी हमखास तशीच!). व्यायाम बघून तर हसूच आलं: उताणं पडायचं, मांड्यांभोवती पट्टा, आणि पाय न हलवता नुसते बाहेर रेटायचे. पुढे ब्रिज (उताणं पडून कंबर उचलणं), स्क्वॉट (उठाबशा), मग आरशासमोर एका पायावर उभं राहून कंबर कलते का बघायचं. माझी कलायची. रात्री किंवा दुसऱ्या सकाळी ठणका वाढला, तर एक पायरी मागे.

*

मी खुब्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. पाच आठवडे मस्त, मग जैसे थे. 2018 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, याच दुखण्यावरच्या चाचणीत आठ आठवड्यांनी बरं वाटणारे असे होते: समजावून सांगून व्यायाम दिलेल्यांत 77 टक्के, इंजेक्शनवाल्यांत 58, नुसती वाट बघणाऱ्यांत 29. हे मला कळलं इंजेक्शननंतर.

*

माझं दुखणं मागचं, बैठकीच्या हाडाशी, हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूच्या) टेंडनचं. पळणं सोडून विश्रांती घेतली तेव्हा थांबलं आणि पळायला लागताच परत आलं. वजन घेऊन हळूहळू केलेल्या व्यायामानेच गेलं.

*

आईचा टेंडन हाडापासून पुरता सुटला होता. तिथे व्यायामाने भागलं नाही, ऑपरेशन झालं. सहा आठवडे कुबड्या, चाल सरळ व्हायला आणखी कितीतरी महिने. काठी आता कपाटामागे असते, पण टाकू देत नाही.

*

धागाकर्ती: ताणणं आजपासून बंद. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये ठेवते ती उशी मध्यरात्री सटकते, त्याचं काय करता?

*

घोट्यापर्यंत पोचेल अशी लांब उशी घ्या. माझी तेव्हापासून जागची हलत नाही.