गिऱ्हाईक बेडरूमच्या दारातूनच मागे फिरतं

डोंबिवलीकर_काका
फ्लॅट विकायला काढलाय. डोंबिवली पूर्व, वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. महिन्याभरात ६ पार्ट्या येऊन गेल्या. हॉलमध्ये बसतात, ओटा बघतात, पण बेडरूमच्या दारात जरा थबकतात आणि "बरं, बरं" म्हणत वळतात. आत कुणी पाऊल टाकत नाही. खोली १० बाय ११. डबलबेड, समोर लोखंडी कपाट, त्यावर ४ बॅगा, हिचं शिलाई मशीन, कोपऱ्यात पाहुण्यांच्या गाद्यांची चळत. नवे पडदे आणि रंग एवढ्यावर भागेल का?

मेघा_ठाणे
काका, पाऊल टाकायला जागा कुठाय? हिशेब करा. ११ फुटांतून बेडचे साडेसहा गेले. कपाट पावणेदोन फूट खोल, त्याचं दार उघडायला दीड. राहिला सव्वा फूट. गेल्या वर्षी आईचा फ्लॅट विकताना आम्ही कपाट आणि मशीन भावाकडे नेऊन टाकलं, गाद्या मावशीकडे. दारापासून खिडकीपर्यंत सरळ वाट मोकळी ठेवली. लोक खिडकीशी जायचे, खाली डोकवायचे आणि तिथेच उभं राहून "आपलं कपाट या भिंतीला" अशी भाषा सुरू व्हायची. आम्ही गप्प बसायचो. पडदे नवे नकोत, आहेत तेच धुवा. चादर साधी घाला, ती लग्नातली मखमली नको. आणि डांबराच्या गोळ्यांचा वास घालवा आधी.

रंगारी_३०वर्षं
रंगाआधी बाहेरच्या भिंतीवर तळहात ठेवून बघा. ओल असेल तर वरून पुट्टी मारून उपयोग नाही, पहिल्या पावसात पोपडे. आधी बाहेरची चीर बुजवा. लपवायचा विचारही नको. घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे ते. रंग फिकट द्या. जांभळी भिंत असेल तर ती पहिली घालवा.

डोंबिवलीकर_काका
जांभळीच आहे! कसं ओळखलंत?

रंगारी_३०वर्षं
एके काळी निम्म्या डोंबिवलीला आम्हीच मारून दिल्यात. 🙏

डोंबिवलीकर_काका
भिंत कोरडी निघाली. रविवारी चौघांनी कपाट खाली उतरवलं, जिन्याच्या वळणावर अर्धा तास अडकलं होतं. बॅगा निघाल्यावर वर काय दिसावं? एसीचा पॉवर पॉइंट! सहाही पार्ट्यांना मी छातीठोक सांगितलं होतं, "नाही हो, पॉइंट नाहीये." हिने तर कपाळावर हात मारला. आता त्यातल्या कुणाला परत फोन करावा, की एजंटलाच करायला सांगू?

मेघा_ठाणे
एजंटला सांगा. पण आधी त्या पॉइंटमध्ये करंट येतो का बघा.