ओटीओएफ दोषावरील जनुकोपचार: थांबावे की कॉक्लियर इम्प्लांट करावे?

नाशिककर_पालक:
आमची मुलगी 14 महिन्यांची आहे. जन्मानंतरच्या ओएई या श्रवणचाचणीत तिचे दोन्ही कान ‘पास’ झाल्याने आम्ही निर्धास्त राहिलो. परंतु हाकेला ती वळत नाही म्हणून नुकतीच बेरा (आवाजाला श्रवणतंतू व मेंदूचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) केली, तेव्हा दोन्ही बाजूंनी प्रतिसाद मिळाला नाही. जनुक तपासणीत ऐकण्यासाठी लागणाऱ्या ओटीओएफ जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या. डॉक्टरांनी कॉक्लियर इम्प्लांट (श्रवणतंतूला थेट विद्युतसंकेत देणारे, शस्त्रक्रियेने बसवायचे यंत्र) सुचवले आहे. याच दोषावर परदेशात जनुकोपचार होत असल्याचे वाचले, तर शस्त्रक्रिया लांबवावी का?

श्रवणतज्ज्ञ_मुंबई:
ओएई ‘पास’ आणि बेरा कोरी, ही या दोषाची ठळक खूण आहे. ओएई आंतरकर्णातील आवाज टिपणाऱ्या पेशींपैकी बाहेरच्या केशपेशींचे काम तपासते आणि ते तुमच्या मुलीत ठीक आहे. आतल्या केशपेशींना आवाजाचा संदेश श्रवणतंतूकडे सोडण्यासाठी ओटीओएफ जनुकापासून बनणारे जे ओटोफर्लिन प्रथिन लागते, ते मात्र तयार होत नाही. पेशी शाबूत असल्यामुळेच उपचाराला वाव आहे. निरोगी जनुकाचा आवश्यक भाग सुमारे 6,000 डीएनए-अक्षरांचा आणि तो पेशीत नेणाऱ्या वाहक विषाणूत जेमतेम 4,700 मावतात, म्हणून तो दोन विषाणूंत विभागून आंतरकर्णात सोडतात व पेशीत जोडला जातो. शांघायच्या फुदान विद्यापीठातील चाचणीत 6 पैकी 5 मुलांना ऐकू येऊ लागल्याचे जानेवारी 2024 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. 2025 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या 10 रुग्णांच्या अभ्यासात ऐकू येणाऱ्या सर्वांत मंद आवाजाची सरासरी पातळी 106 डेसिबलवरून 52 पर्यंत खाली आली, म्हणजे ऐकणे सुधारले. हे यश या एकाच जनुकापुरते आहे; आपल्याकडे अधिक आढळणाऱ्या जीजेबी2 या दुसऱ्या जनुकाच्या दोषाला ते लागू होत नाही.

इम्प्लांट_झालेल्या_मुलाची_आई:
दादा, कृपया केवळ वाट पाहत बसू नका. माझ्या मुलाच्या बाबतीत आम्ही निर्णयाला दीड वर्ष लावले आणि बोलण्यातली ती तूट भरून काढायला आजही स्पीच थेरपी चालू आहे. भाषा मेंदूत रुजण्याची ही वर्षे परत मिळत नाहीत.

श्रवणतज्ज्ञ_मुंबई:
ताईंशी मी सहमत आहे. इलेक्ट्रोड बसवताना त्या कानातील नाजूक पेशींना इजा होऊ शकते, म्हणून सध्या एकाच कानात इम्प्लांट करून दुसरा कान पुढच्या जनुकोपचारासाठी राखून ठेवावा का, हे शल्यविशारदांना स्पष्ट विचारा. दोन्ही कानांत बसवण्याचेही फायदे आहेत, तेही ऐकून घ्या.

नाशिककर_पालक:
मनःपूर्वक आभार. सोमवारी जनुक अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटतो आणि एका कानाचा प्रश्न आधी विचारतो.