मदत हवी आहे: लायब्ररीने नमपायच्या किती जुन्या आवृत्त्या सांभाळायच्या?

मंडळी, एक छोटी ओपन सोर्स पायथन लायब्ररी सांभाळतो. सेन्सरच्या नोंदींवर हिशेब करते, डिपेंडन्सी (ज्यांच्यावर ती अवलंबून आहे ती पॅकेजेस) दोनच: नमपाय (आकडेमोडीसाठी) आणि पांडाज (तक्त्यांतल्या डेटासाठी). मेटाडेटात लिहिलंय की पायथन ३.९ आणि नमपाय १.२१ पासून पुढचं सगळं चालतं. सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) मात्र तपासली जाते ती त्या दिवशीची सगळ्यात नवी जोडी.

परवा मुद्दाम पायथन ३.१२ वर नमपाय १.२१ टाकून पाहिलं. तयार व्हील (आधीच बिल्ड केलेलं पॅकेज) नाही, म्हणून पिप (पॅकेज बसवणारं साधन) सोर्समधून बिल्ड करायला गेलं आणि आपटलं, कारण ३.१२ मधून डिस्टयुटिल्स हे बिल्डला लागणारं मॉड्यूलच काढून टाकलंय. शिवाय एका नव्या पुल रिक्वेस्टमध्ये (सुचवलेल्या कोडबदलात) ट्रॅपेझॉइड फंक्शन (आलेखाखालचं क्षेत्रफळ काढणारं) आहे, जे नमपाय २.० मध्ये आलं. त्याआधीच्या आवृत्तीवर थेट ॲट्रिब्यूट एरर, म्हणजे 'असं नावच नाही'.

मग खालची हद्द (चालेल ती सगळ्यात जुनी आवृत्ती) ठरवायची कशावरून? पायथनची प्रत्येक आवृत्ती ५ वर्षं सांभाळली जाते, ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. सायंटिफिक पायथनवाल्यांचा स्पेक ० (जुन्या आवृत्त्या कधी सोडायच्या याची शिफारस) त्याहून कडक: पायथनची आवृत्ती ३ वर्षं, मुख्य पॅकेजेस २ वर्षं. पण आमचा एक वापरकर्ता रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ वर आहे, तिथलं सिस्टिम पायथन ३.९, आणि तो हलायला तयार नाही. सहकारी म्हणतो, वरची हद्दही (याहून नवी आवृत्ती चालणार नाही अशी) घालून टाक, कटकट मिटेल. मला ते पटत नाही, पण ठोस कारण सांगता येत नाही.

प्रतिसाद १
ॲप्लिकेशन असेल तर लॉकफाइलमध्ये (नेमक्या आवृत्त्यांच्या यादीत) आवृत्त्या खुशाल जखडा. लायब्ररीत वरची हद्द नकोच. वापरणाऱ्याच्या दुसऱ्या पॅकेजने नवी नमपाय मागितली की रिझॉल्व्हर (एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्या निवडणारा भाग) अडतो, किंवा (हे जास्त वाईट) गुपचूप मागे सरकून तुमची हद्द नसलेली जुनी आवृत्ती उचलतो.

आणि ३.९ सोडल्याने त्या माणसाचं काही मोडत नाही. रिक्वायर्स-पायथन (मेटाडेटातली किमान पायथनची नोंद) वाढवलंत की पिप त्याला तुमची मागची, चालणारी आवृत्ती देतं. नमपायने २.१ पासून ३.९ सोडलं, तिथेही हेच होतं.

प्रतिसाद २
रेड हॅट ९ च्या भांडारात पायथन ३.११ आणि ३.१२ वेगळी मिळतात, सिस्टिम पायथनला धक्का न लावता. त्याला आधी हे माहीत आहे का ते विचारा.

सीआयमध्ये सगळी मॅट्रिक्स (आवृत्त्यांची प्रत्येक जोडी) चालवू नका, दोन टोकं पुरतात. सगळ्यात जुन्या पायथनवर यूव्हीचा (पिपसारखंच साधन) 'लोएस्ट-डायरेक्ट' पर्याय, म्हणजे तुम्ही लिहिलेली खालची हद्दच बसते. दुसरीकडे सगळं ताजं. पहिलं टोक लाल झालं (चाचणी फसली) की हद्द वर सरकवा.

धागाकर्ता
पटलं. पायथन ३.११ आणि नमपाय १.२६ ठेवतो. थेट २.० धरलं तर ट्रॅपेझॉइडचा प्रश्न सुटतो, पण १.२६ वर अडकलेले बाहेर राहतात. त्यापेक्षा ते नाव सापडलं नाही तर त्याच कामाचं जुनं ट्रॅप्झ फंक्शन वापरायचं, दोन ओळींचं काम आहे.

आता पांडाज. नमपाय २ सोबत चालणारी पहिली आवृत्ती २.२.२. खालची हद्द तीच धरू, की १.२६ वाल्यांसाठी आणखी जुनी?