आजीच्या माळेतील कवड्या कोणत्या जातीच्या? मदत हवी आहे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यातून माहूरच्या रेणुकेला जाताना आजी घालत असे ती कवड्यांची माळ आता माझ्याकडे आली आहे. बहुतेक कवड्या पिवळसर, जेमतेम २ सेंटिमीटरच्या आणि कडेला गाठाळ असल्याने, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये वर्णन केलेली व मालदीवहून येऊन आपल्याकडे चलन म्हणून वापरली गेलेली ‘मोनेटारिया मोनेटा’ हीच ती असावी, असे मला वाटते. मात्र चार कवड्यांच्या पाठीवर फिकट नारिंगी कडे दिसते. त्या ‘मोनेटारिया ॲन्युलस’ या दुसऱ्या जातीच्या समजाव्यात का? ओवण्यासाठी पाठ घासून काढलेल्या कवडीची जात केवळ पोटाकडच्या दातेरी फटीवरून ओळखता येते का? माळेवर तेला-कुंकवाचा थर आहे. लिंबाने कवच झिजते, म्हणून ते टाळले आहे. आजीने ओवलेला दोरा न तोडता माळ कशी स्वच्छ करावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.